मखर मोडून केलेला गोठा

या लेखनापुढचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो: घरात आधीपासून असलेल्या वस्तूंतून, जवळपास फुकटात आणि फारशी कटकट न होता, नाताळाची सजावट करता येते का? घरातल्या वस्तूंतून करता येते. जवळपास फुकटातही करता येते. कटकट मात्र टळत नाही, आणि ती नेमकी कुठून उपटते हे सविस्तर सांगितल्याशिवाय आधीच्या दोन उत्तरांचा कोणाला उपयोग होणार नाही.

हा प्रश्न मला हौसेपोटी पडलेला नव्हता. आमची सून वसईची, ख्रिस्ती घरातली. लग्न झाल्यापासून प्रत्येक नाताळ ती माहेरी करत असे. गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास पूर्ण बंद केला. पलंग, न्हाणीघर आणि फार तर दिवसातून एकदा हॉलमधली खुर्ची, एवढेच तिचे जग उरले. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात पाळीने काम करतो; ऐन सणात त्याला रजा नव्हती. विहीणबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे त्यांचे येणेही शक्य नव्हते. सून मला म्हणाली, "यंदा राहू दे, आई. त्यात काय एवढं?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर वसईहून फोनवर तिथल्या तयारीचे फोटो येत राहिले. ती ते उघडत नव्हती.

शाळेत मी बरीच वर्षे कार्यानुभव शिकवला. "मला नकोच होतं" असे म्हणणारे मूल किती खरे बोलते, हे त्या तासाला जितके कळते तितके दुसऱ्या कोणत्याही तासाला कळत नाही. म्हणून ठरवले, की या घरात नाताळ होईल, आणि असा होईल की तो आपला आहे हे तिला ओळखता येईल. दुसरा भाग अवघड आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिला अडथळा घरातच होता. माझे यजमान निवृत्त झाल्यापासून प्रत्येक कामात मला मदत करतात, आणि मदत झाली की ते काम दुप्पट होते.

"अगं, तारा कशाला नव्याने करतेस? दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर आहे. शेपट्या कापल्या की झाला तारा."

"अहो, त्याला कोपरे कुठे आहेत?"

"लांबून कोण कोपरे मोजतंय?"

दुसरा अडथळा वरच्या मजल्यावर राहत होता. तिथल्या शेजारीणबाईंना माझा बेत कळला आणि त्यांनी फोनवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्या प्रत्येक व्हिडिओत एक हसतमुख मुलगी 'घरात पडून असलेल्या वस्तूंतून' काहीतरी करून दाखवत होती. तिच्या घरात पडून असलेल्या वस्तू अशा: पाइनच्या झाडाची वाळलेली फळे, टिश्यू पेपरच्या रिकाम्या नळ्या, चंदेरी चमकी आणि गोंद वितळवणारी विजेची बंदूक. माझ्या घरात पडून असलेल्या वस्तूंत श्रीखंडाचे डबे, फुटक्या झाकणाची मिसळणाची डबी आणि यजमानांनी जपलेली वर्तमानपत्रांची रास आहे. प्रत्येक घर वेगळे असते हे मला मान्य आहे. पण मग 'प्रत्येक घरात' असे म्हणू नये.

पाइनच्या फळांवर यजमानांचा जीव जडला. "कर्नाळ्याला जाऊ या. जंगल आहे, मिळतीलच."

"ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे. तिथलं पानही उचलायचं नसतं. आणि तिथे पाइन नाही."

"तू पाहिलंयस?"

"शाळेच्या सहली घेऊन इतक्या वेळा गेले आहे."

"सहलीत तू मुलं मोजत असायचीस. झाडं कधी बघितलीस?"

मी तो वाद तिथेच सोडला आणि कामाला लागले.

ज्या घरात काहीच 'पडून' नाही असे वाटते, त्या घरातही एक वस्तू हमखास असते: जुन्या लग्नपत्रिका. त्या कोणी टाकत नाही, कारण त्यांवर गणपती असतो. त्यांचा कागद जाड आणि सोनेरी काठाचा असतो. आतले पान पातळ असते, त्यातून दिव्याचा उजेड छान झिरपतो. एकही वस्तू विकत न घेता ताऱ्याचा सगळा कागद हाताशी होता. मी कात्री उचलली तशी यजमानांनी माझा हात धरला.

"गणपतीवर कात्री?"

"गणपती आधी काढून ठेवणार आहे."

मग प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कापून तबकात ठेवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. हे काम त्यांनी पत्रिका वाचत वाचत केले. "हिचं लग्न झालं? मला कोणी सांगितलं नाही." "आपण गेलो होतो. तुम्ही तिथे जिलेबीवरून वाद घातला होतात." अशा गतीने दुपार गेली.

ताऱ्याचा सांगाडा सोपा आहे. सारख्या लांबीच्या पाच बांबूच्या कामट्या घ्याव्यात (आमच्याकडे जुन्या आकाशकंदिलांच्या निघाल्या), पेन्सिल न उचलता आपण वहीत जसा तारा काढतो त्याच क्रमाने त्या एकमेकींवर ठेवाव्यात आणि टोके सुतळीने बांधावीत. असे दोन तारे करावेत. ते एकावर एक ठेवून फक्त टोके बांधावीत, आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे आखूड काड्या उभ्या अडकवाव्यात, म्हणजे तारा पोटातून फुगतो. टोके घट्ट बांधण्याआधी काड्या अडकवू नयेत, सगळे निसटते. "आधी काड्या, मग टोकं" असा यजमानांचा आग्रह होता. तो त्यांनी करून पाहिला. एक काडी पंख्यावर जाऊन बसली.

चिकटवायला मैद्याची खळ केली. सकाळी पाहते तर झुरळांनी कागदाच्या कडा नक्षीदार कुरतडलेल्या. पूर्वी आम्ही खळीत मोरचूद घालत असू, पण ते विष. गरोदर बाई असलेल्या घरात ते आणायचे नव्हते. म्हणून कडुलिंबाचा पाला उकळून, गाळून, त्या पाण्यात खळ शिजवली. ती झुरळांनी सोडून दिली. वासाने यजमानांनीही त्या खोलीत येणे सोडले, हा अनपेक्षित फायदा.

संध्याकाळी तारा सुनेच्या खिडकीत टांगला आणि दिवा लावला. तारा सोनेरी उजळला, आणि त्याच्या मधल्या पोटावर स्वच्छ अक्षरे उमटली: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. खालच्या टोकावर 'सहकुटुंब सहपरिवार'. आतल्या पानांवरचा मजकूर उजेडात बाहेर येईल, ही गोष्ट मुलांना मी पहिल्याच तासाला सांगितली असती. सून त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "आई, कोणाचं लग्न आहे?" ती हसली म्हणून मला बरे वाटले, पण तारा पुन्हा उतरवावा लागला. आतून बटर पेपरचे दोन थर लावल्यावर अक्षरे पुसट झाली. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी थर आधीच लावावेत.

नाताळच्या झाडाचे काम त्यामानाने लवकर झाले. उरणकडे किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत. वाऱ्याने पडलेली एक फांदी मुलगा कामावरच्या मित्राकडून घेऊन आला. ती ओल्या वाळूच्या बादलीत रोवली. वाळू ओली ठेवली तर फांदी सणभर हिरवी राहते. कोरडी पडली की तिच्या काड्या केरसुणीतल्यासारख्या झडतात. सुरूला स्वतःची बारीक, टणक, खवल्यांची फळे असतात. व्हिडिओतल्या मुलीला ज्याची हौस होती ते आमच्या बादलीत आपोआप आले. यजमान म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, मिळतील?"

शेजारीणबाईंनी स्वतः खाली येऊन फांदीवर कापूस पसरला. "बर्फ हो काकू! बर्फाशिवाय ख्रिसमस असतो का?" महामार्गाच्या आणि बांधकामांच्या धुळीत पनवेलमध्ये पांढरी वस्तू किती टिकते हे त्यांना ठाऊक असायला हवे होते, त्याही इथेच राहतात. कापूस लवकरच उशीतून काढल्यासारखा दिसू लागला. सुनेला विचारले तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "वसईला कधी बर्फ पडलाय का, आई? आमच्या अंगणात केळी असतात." कापूस काढला. सुरूच्या काड्यांत अडकलेला एकेक धागा चिमट्याने काढावा लागला. घालताना आलेल्या शेजारीणबाई काढताना आल्या नाहीत.

आता मुख्य विषय, गोठा. सुनेच्या माहेरी दरवर्षी तिचे वडील गोठा करत. ते गेल्यावर तिचा भाऊ करतो. 'गोठा हवा' असे ती बोलली नव्हती, पण फोनवर भावाला तिने एकदाच विचारले होते, "गोठा केलास?" आणि त्याचे उत्तर ऐकून फोन लगेच ठेवला होता. त्यामुळे ताऱ्यावर आणि झाडावर भागणार नाही हे मला कळून चुकले. सण तिचा होणार की नाही, हे गोठ्यावर ठरणार होते.

गणपतीचे मखर आमच्या घरी कधीही विकत आणलेले नाही. ती विद्या हातात होती, आणि हातांनी तीच वापरली. पुठ्ठ्याच्या कमानी केल्या. त्यांना पत्रिकांचे सोनेरी काठ लावले. जुन्या पैठणीची जर उसवून तिची झालर केली. मध्ये चौरंग, त्यावर साटीनचे कापड, मागे महिरप, दोन्ही बाजूंना मापून सारख्या अंतरावर दिव्यांच्या माळा. पेणहून गणपतीसाठी आणलेली शाडूची माती शिल्लक होती. तिची मेरी, योसेफ आणि बाळ केले. गाय उत्तम झाली, कारण पोळ्याच्या बैलांचा सराव होता. यजमानांनी दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा आणून दारात उभा केला. मग पंचांगात चांगली वेळ पाहून त्यांनी बाळ चौरंगावर बसवले, झेंडूचा हार घातला आणि पेढा ठेवला. देवघरातला रांगता बाळकृष्णच ठेवावा अशी त्यांची मूळ सूचना होती, "बाळ ते बाळ." ती मी हाणून पाडली होती, आणि तेवढ्यावर मला वाटले की आपण सगळी काळजी घेतली.

दुपारी सुनेला हळूहळू हॉलमधल्या खुर्चीत आणून बसवले. यजमानांनी दिव्यांचे बटण दाबले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे, आई. खूप मेहनत घेतलीत."

हा आवाज मला ओळखू येतो. भेट म्हणून मिळालेला कंपास आपल्याकडे आधीच असला, की मुले याच आवाजात आभार मानतात.

"मग? तुमच्याकडे असंच असतं ना?" यजमानांनी विचारले.

तिने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलेच, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागले. "बाबा, बाळाला आत्ताच बसवलंत?"

"चांगला मुहूर्त होता."

"अहो बाबा, अजून बाळ जन्मलंच नाहीये. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते."

"रिकामी? मग हे आई-वडील बघतायत कोणाकडे?"

"वाट बघतायत."

यजमान थोडे वरमले, पण हार मानली नाही. "बरं, पण थाट कसा झालाय ते सांग."

"थाटच तर नको होता, बाबा. त्यांना कुठे उतरायला जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं. हे सिंहासन आहे. आणि हा मावळा?"

"पहाऱ्याला. त्या वेळचा राजा मारायला टपला होता ना बाळाला? मी वाचलंय सगळं."

आता ती मोकळेपणाने हसली. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे उसवलेली पैठणी होती. चूक सांगणारा बरोबर असला की राग जास्त येतो, कारण तो कुठे ठेवावा हे कळत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, भांडी उगाच आपटली आणि परत येऊन तिला म्हटले, "तू बसल्या जागेवरून सांग. मी काढते."

तिने सांगितले. कमानी गेल्या. झालर गेली. साटीन, महिरप, माळा, हार, पेढा, सगळे गेले. पेढा यजमानांच्या तोंडात गेला. माझे हात सवयीने प्रत्येक वस्तू मध्यभागी आणत होते आणि ती म्हणत होती, "आई, एका बाजूला. गोठा मापून नसतो." जुना गोणपाट पाठीमागे लागला. फळांच्या मोडक्या पेटीच्या फळ्यांचे एक उतरते छप्पर झाले. "पप्पा एक फळी मुद्दाम तुटकी ठेवायचे," ती म्हणाली, आणि मी माझ्या हाताने एक चांगली फळी तोडली. कार्यानुभवाच्या कोणत्याही तासाला मी हे होऊ दिले नसते. मावळ्याच्या हातातली तलवार काढून काठी दिली आणि तो मेंढपाळ झाला. यजमानांनी सांगितले, की तलवार मागे पेंढ्यात लपवावी, वेळ पडली तर. सुनेने ती सूचना फेटाळली.

पेंढा मात्र घरात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. गावाकडून भाजी आणणारी एक बाई नेहमीची आहे. भातकापणी होऊन गेली होती, म्हणून तिलाच विचारले.

"पेंडा? कशाला पायजे बाई? म्हस बांदली काय बिल्डिंगमदी?"

"गोठा करायचा आहे."

"अगो बया! आन् तिला काय लिफ्टनं नेनार?"

"म्हैस नाही हो. नाताळाचा गोठा. येशूच्या जन्माचा."

"मंग असं सांगा ना. उद्या आनते. आमच्याकरं पेंडा काय, पायजे तेवडा हाय." ती वांगी तोलत म्हणाली, "म्हस नाय ना पन खरंच? नाय तर आमी दूद तुमच्याकरशीच न्यायला येऊ."

आजूबाजूच्या सगळ्या भाजीवाल्या हसल्या. पेंढ्याचे तिने काही घेतले नाही. पेंढा घरात आणण्याआधी उन्हात चांगला झटकून घ्यावा. आम्ही तो हॉलमध्ये झटकला, कारण 'गच्चीवर वारा आहे' असे यजमानांचे मत पडले. पुढचे कित्येक दिवस पेंढा सोफ्यात, चपलांत आणि एकदा आमटीत सापडला.

पेंढा पसरल्यावर गोठा गोठ्यासारखा दिसू लागला. मध्ये गव्हाण रिकामी. शाडूचे बाळ सुनेने मागून घेतले आणि कापसात गुंडाळून उशाशी ठेवले. काय गंमत पाहा: सगळी खटपट करून जे उभे राहिले त्यात मी बनवलेल्या बहुतेक वस्तू नव्हत्या. ज्या होत्या त्या गोणपाट, फळ्या आणि गवत. सोपी आणि कमी खर्चाची सजावट कशी करावी याचा शोध घेता घेता मी आधी अवघड आणि भरजरी सजावट केली होती, आणि मग ती मोडायला तितकेच श्रम घेतले होते.

तिला रात्रीचे जागरण नको म्हणून बाळ सकाळी ठेवायचे ठरले, आणि नाताळच्या सकाळी तिने विहीणबाईंना व्हिडिओवर घेतले. मुलगा कामावरून नुकताच परतला होता. त्याने तिला धरून हॉलमध्ये आणले. गुंडाळलेला कापूस काढून तिने बाळ गव्हाणीत ठेवले. फोनमधून विहीणबाईंनी आधी प्रार्थना म्हटली आणि मग ओरडल्या, "अगं, डोकं त्या बाजूला कर! गाईच्या तोंडात देतेस काय?" तिने बाळ फिरवले. यजमानांनी सवयीने टाळ्या वाजवत आरतीची चाल धरली आणि स्वतःच थांबले.

परत खोलीत जाताना सून मला म्हणाली, "आई, दार उघडं ठेवा. आणि पलंग थोडा फिरवता येईल का? पडल्या पडल्या दिसला पाहिजे." आम्ही तिघांनी पलंग फिरवला. यजमान दिशेबद्दल काही बोलणार होते, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. आता तिचे तोंड भिंतीकडे नव्हते. थोड्या वेळाने पाहिले तर ती वसईहून आलेले फोटो एकामागून एक उघडत होती आणि आमच्या गोठ्याचा फोटो भावाला पाठवत होती.

खळ, कामट्या, सुरू आणि पेंढा यांविषयी वर जे लिहिले आहे ते एकाच घरात, एकाच वर्षी करून पाहिलेले आहे. तुमच्या घरातली हवा, झुरळे आणि माणसे वेगळी असतील. गोठ्याची रीतही घरोघरी बदलत असेल. म्हणून माझ्या सांगण्यावर विसंबू नका. ज्या घरचा सण आहे त्या घरच्या माणसाला आधी विचारा, मग करून पाहा आणि स्वतः तपासून घ्या.